बोरडम्स: ओसाकाच्या गोंगाटापासून 77 ड्रमसेटपर्यंतच्या संगीताला पंक म्हणावे का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

जपानमधील ओसाका येथे 1986 साली सुरू झालेल्या बोरडम्स या बँडविषयी मराठीत काही लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी आधी ओळख करून देतो. यामांताका आय हा या बँडचा गायक आणि सूत्रधार. तो किंचाळतो, गुरगुरतो, अर्थ नसलेली अक्षरे उधळतो आणि मधूनच एखाद्या लहान मुलासारखा खिदळतो. या सगळ्याला गाणे म्हणायची तयारी असेल तरच पुढे वाचावे. ड्रम आणि ट्रम्पेट वाजवणारी योशिमी आणि गिटारवादक यामामोतो सेइची हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे साथीदार. 1989 सालच्या ‘सोल डिस्चार्ज’ या अल्बममध्ये दोन-तीन मिनिटांच्या अवधीत हार्डकोअर पंक, फंकचा बास, जुन्या रॉक अँड रोलचे तुकडे आणि कार्टूनपटातले वाटावेत असे आवाज एकमेकांवर आदळतात. त्यानंतर दहा वर्षांनी आलेला ‘व्हिजन क्रिएशन न्यूसन’ ऐकावा तर तासाभराहून अधिक काळ ड्रमचा अखंड ओघ चालू असतो, आणि तुकड्यांना नावेही नाहीत, केवळ वर्तुळ, तारा, बदाम अशी चिन्हे आहेत.

बहुतेक लेखक या बँडचे सरळ दोन भाग पाडतात: आधीचा गोंगाटाचा बँड आणि नंतरचा समाधी लावणारा बँड. मला ही विभागणी पटत नाही. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत सगळे मोडून टाकल्यावर जे शिल्लक उरले, तोच त्यांचा नंतरचा ठेका आहे, असे माझे मत आहे. म्हणून प्रश्न असा: हे सगळे एकाच ओघातले संगीत आहे का, आणि असल्यास त्याला शेवटपर्यंत पंक म्हणता येईल का?

रानपाखरू

वाचनखूण साठवली आहे. मी यांचे काहीही ऐकलेले नाही. सुरुवात कोठून करावी, हे कोणी सांगेल का?

काळीपाच

प्रश्न चांगला आहे, परंतु माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे.

पंक म्हणजे केवळ आवाजाची तीव्रता नव्हे. जे सांगायचे ते कमीत कमी वेळात आणि कमीत कमी सामग्रीत सांगून बाजूला होणे हा त्या संगीताचा कणा होता. 1976-77 च्या सुमारास लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये जी पोरे उभी राहिली, ती वीस-वीस मिनिटांच्या गिटारवादनाला आणि आत्ममग्न रॉकला कंटाळून उभी राहिली होती. बोरडम्सच्या ‘सुपर रूट्स 5’ मध्ये एकच तुकडा आहे आणि तो तासाभराहूनही लांब आहे. ज्या सवयीविरुद्ध पंकने बंड केले, तिच्याच वाटेवर हा बँड पोहोचला. त्यांचे संगीत थोर असेल, ते मी नाकारत नाही. पण थोर वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीला पंक म्हणत गेलो तर त्या शब्दाने काहीच दाखवता येणार नाही.

मंद्रसप्तक

@रानपाखरू, ‘सुपर ए’ (1998) हा माझ्या मते योग्य दरवाजा आहे. त्यात गोंगाटही आहे आणि ठेकाही. पहिल्याच तुकड्यात गिटारचा एक भरदार झंकार टेपवर मागेपुढे ओढलेला ऐकू येतो, जणू कोणी त्याला हाताने ताणून पाहत आहे. तो तुकडा आवडला नाही तरी ‘सुपर गोइंग’ या तुकड्यापर्यंत थांबावे. तो आवडला तर पुढे ‘व्हिजन क्रिएशन न्यूसन’कडे जावे, आणि नंतर मागे वळून ‘सोल डिस्चार्ज’ ऐकावा. काळाच्या क्रमाने ऐकायला बसलेले अनेक जण पहिल्या दहा मिनिटांत पळून जातात.

शोधताना एक लक्षात ठेवावे: गायकाने आपले नाव यामात्सुका, यामांताका, यामाताका असे अनेकदा बदलले आहे. तिन्ही नावांनी शोधल्याशिवाय सगळे हाती लागत नाही.

@काळीपाच, सविस्तर उत्तर देतो, परंतु आधी इतरांचे ऐकू या.

योदोकाठ

मी नोकरीनिमित्त ओसाकात राहतो, त्यामुळे थोडी स्थानिक माहिती देतो.

बोरडम्स समजून घ्यायचे तर तोक्यो आणि कान्साई यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. कान्साई म्हणजे ओसाका, क्योतो, कोबे हा पट्टा. 1978-79 मध्ये तोक्योत फ्रिक्शन, लिझार्ड वगैरे बँड ‘तोक्यो रॉकर्स’ या नावाखाली एकत्र आले. त्याच सुमारास कान्साईत आँट सॅली, इनू, अल्ट्रा बिदे असे बँड होते आणि 1979 मध्ये ते ‘कान्साई नो वेव्ह’ या नावाने तोक्योत जाऊन वाजवून आले. तोक्योचे संगीत तुलनेने रेखीव, न्यूयॉर्ककडे पाहणारे होते. कान्साईचे संगीत विस्कटलेले, विनोदी आणि कोणत्याही साच्यात न बसणारे होते. इनूचा गायक माचिदा पुढे माचिदा को या नावाने कादंबरीकार झाला आणि 2000 साली त्याला आकुतागावा हा जपानमधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला, यावरून तिथल्या मंडळींचा आवाका कळावा. क्योतोतून 1979 मध्येच हिजोकाइदान हा निव्वळ गोंगाट करणारा बँड निघाला आणि त्याच्या जोजो हिरोशिगे याने 1984 मध्ये ओसाकात आल्केमी रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. आय याच वातावरणात वाढला. त्याचा जन्म कोबेचा, 1964 चा.

या शहराची विनोदाची परंपराही विसरून चालणार नाही. दोघांनी समोरासमोर उभे राहून भरधाव बोलण्याचा ‘मान्झाई’ हा प्रकार ओसाकाची ओळख आहे. एक जण काहीतरी अचाट बोलतो आणि दुसरा त्याला ताबडतोब अडवतो. ‘सोल डिस्चार्ज’मध्ये एक वाद्य दुसऱ्याचे वाक्य जसे मध्येच तोडते, त्यात मला हाच वेग ऐकू येतो. त्यांच्यातल्या कोणी असे म्हटल्याचे मी वाचलेले नाही, हे केवळ माझे ऐकणे आहे.

नाम्बा भागात ‘बेअर्स’ नावाचे एक तळघर आहे. यामामोतो सेइची अनेक वर्षे त्याचा व्यवस्थापक होता. आत जाताना रस्त्यावरून अरुंद जिना उतरावा लागतो, छत बुटके आहे आणि मंच इतका जवळ की पुढच्या रांगेतल्या माणसाला ड्रमच्या खुर्चीची करकर ऐकू येते. बाहेरगावच्या कोणाला हे ठिकाण सहज सापडत नाही. मी तिथे एका संध्याकाळी पाठोपाठ एक मुलगी केवळ श्वासाचे आवाज काढताना, मग तीन जणांचा भरधाव हार्डकोअर बँड आणि मग एक वयस्कर गृहस्थ एकटेच गिटारवर बालगीतांसारखी गाणी म्हणताना ऐकले आहेत. कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही. बोरडम्सच्या संगीतातली सरमिसळ अशा खोल्यांतून आली आहे. संगीताचे प्रकार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची सवय तिथे कोणाला लागलेलीच नव्हती.

रानपाखरू

@योदोकाठ, फार सुंदर माहिती. मंद्रसप्तक यांच्या सांगण्यावरून ‘सुपर ए’ लावला आहे. पहिला तुकडा वाजत असताना घरच्यांनी स्पीकर बिघडला का, असे विचारले. ‘सुपर गोइंग’ला मात्र सगळे गप्प बसून ऐकत होते.

शांताराम_वाचक

मी जुना श्रोता नाही, परंतु या निमित्ताने एक आक्षेप नोंदवतो. बोरडम्सचा विषय निघाला की त्याआधीच्या हानाताराश या आयच्या बँडची गोष्ट हटकून सांगितली जाते आणि ती कौतुकाने सांगितली जाते. 4 ऑगस्ट 1985 रोजी तोक्योतील सुपरलॉफ्ट या सभागृहात आयने खोदकामाचे यंत्र भिंत फोडून आत आणले. प्रेक्षकांकडून आधीच दुखापतीची जबाबदारी आमच्यावर नाही, असे लिहून घेतले होते. नुकसान सुमारे सहा लाख येनचे झाले आणि पेटती बाटली फेकण्याची तयारी दिसल्यावर कार्यक्रम थांबवण्यात आला. यात संगीत कोठे आहे? कोणाच्या अंगावर छत कोसळले असते, तर आज आपण या माणसाविषयी असा धागा काढला असता का? कलेच्या नावाखाली इतरांचा जीव धोक्यात घालणे मला मान्य नाही.

मंद्रसप्तक

@शांताराम_वाचक, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. त्या घटनेचे कौतुक मीही करत नाही आणि म्हणूनच मुख्य लेखात ती घेतली नव्हती. मात्र तिचा परिणाम सांगण्यासारखा आहे. हानाताराशला त्यानंतर बहुतेक सभागृहांची दारे बंद झाली. बोरडम्समध्ये आयने विध्वंस वस्तूंवरून काढून संगीताच्या रचनेवर आणला. भिंतीऐवजी गाणे फोडायचे, हा बदल लहान नाही, आणि 1986 नंतरचे त्याचे काम त्या बदलावरच उभे आहे.

ठायलय

पखवाज आणि तबला वाजवणारा म्हणून लिहितो. पंक या विषयात माझी गती नाही, पण लयीविषयी बोलू शकतो.

‘व्हिजन क्रिएशन न्यूसन’ मी कान देऊन, हातात पेन्सिल घेऊन ऐकला. सुरुवातीला आरोळ्या येतात आणि लगेच ड्रम फुटतात. ठेका चार मात्रांचा, सरळ, आपल्याकडच्या तालांसारखा खाली-भरीचा हिशेब नसलेला. तिहाई घेऊन समेवर येण्याचे सुख येथे मिळत नाही, कारण समेची वाट पाहायलाच लावलेले नाही. प्रत्येक मात्रा सारख्याच वजनाने येते. मग एवढा वेळ कान गुंतून का राहतो? याचे उत्तर दोन-तीन ड्रमवादकांच्या आपसातल्या फरकात आहे. सगळे एकच ठेका धरतात, मात्र एकाची झांज केसभर पुढे असते आणि दुसऱ्याचा स्नेअर (खरखरत्या आवाजाचा लहान ड्रम) किंचित मागे. त्या फटीतून एक तिसराच आवाज उठतो, जो कोणीच वाजवलेला नसतो. काही वेळाने एक जण झांज सोडून मोठ्या ड्रमवर उतरतो, आणि लय न बदलता सगळ्या खोलीचा रंग बदलतो.

शिवाय हे सगळे सलग वाजवून टाकलेले नाही. मधूनच आवाज कापल्यासारखा तुटतो, उलटा फिरतो, पुन्हा जोडला जातो. आयने नंतर त्या ध्वनिमुद्रणाची काटछाट केलेली आहे. म्हणजे ‘सोल डिस्चार्ज’मध्ये जी मोडतोड बँड प्रत्यक्ष वाजवताना करत होता, तीच येथे संपादनात आली. धागाकर्त्यांचे ‘एकच ओघ’ हे म्हणणे मला या एका कारणासाठी पटते.

हडसनकिनारा

मी तेव्हा न्यू जर्सीत होतो आणि 7 जुलै 2007 रोजी ब्रुकलिनमधल्या नदीकाठच्या उद्यानात झालेल्या ‘77 बोआड्रम’ला हजर होतो, म्हणून लिहितो. प्रवेश विनामूल्य होता. गवतावर 77 ड्रमसेट एका मोठ्या चक्राकार ओळीत मांडलेले होते, केंद्रस्थानी बोरडम्स आणि तिथून वळसे घेत बाहेर गेलेली वादकांची रांग. अमेरिकेतल्या अनेक बँडांचे ड्रमवादक त्यात बसले होते. संध्याकाळी 7 वाजून 7 मिनिटांनी सुरुवात झाली आणि 77 मिनिटे वादन चालले.

मी बाहेरच्या वळशाजवळ उभा होतो. केंद्रात आयने काही केले की ते माझ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत असे. आधी दूरवर झांजांची सळसळ ऐकू यायची, मग ती एकेका वादकाकडून पुढच्याकडे सरकत जवळ यायची आणि माझ्या समोरच्या मुलीच्या हातांत पोहोचल्यावर छातीत जाणवायची. ती मुलगी नजर सतत आपल्या आधीच्या वादकावर ठेवून होती, कारण केंद्रातली हालचाल तिला दिसतच नव्हती. आयजवळ सात गिटारींचे दांडे एकत्र जोडून केलेले ‘सेव्हनर’ नावाचे वाद्य होते आणि तो काठीने त्याच्या तारांवर प्रहार करायचा. तो झंकार आला की सगळे बदल त्यामागून यायचे.

पुणेकरांना हे वाचून गणपतीतले ढोलताशा पथक आठवेल, मलाही तेव्हा आठवले होते.

ठायलय

@हडसनकिनारा, वर्णन वाचून हेवा वाटला. मात्र पथकाशी तुलना थोडी तपासून पाहावी असे वाटते. पथकात ताशा बोल देतो आणि सगळे ढोल एका क्षणी, एका ठोक्यावर उतरतात. एकसंधपणा हेच तिथले बळ आहे. तुम्ही सांगता त्यात ठोका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवास करतो. वादकांमधले अंतर हाच त्या रचनेचा भाग झाला आहे. दोन्हींत माणसे पुष्कळ आहेत, पण लयीची कल्पना वेगळी आहे.

हडसनकिनारा

मान्य. तुम्ही नेमके शब्द दिलेत. पुढच्या वर्षी 8 ऑगस्ट 2008 रोजी लॉस एंजेलिसला 88 ड्रमसेटचा कार्यक्रम झाला आणि 11 नोव्हेंबर 2011 रोजी ऑस्ट्रेलियातल्या बायरन बे येथे 111 वादकांचा. तिथे मला जाता आले नाही.

काळीपाच

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, आनंद झाला. तरीही माझा मूळ मुद्दा कायम आहे आणि त्यात एक भर घालतो. या बँडला ‘भूमिगत’ कोणत्या अर्थाने म्हणायचे? ‘पॉप तातारी’ हा 1992 चा अल्बम वॉर्नरसारख्या बड्या कंपनीने काढला. 1993 मध्ये ते निर्वाणा या गाजलेल्या अमेरिकी रॉक बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होते. 1994 मध्ये लोलापालूझा या फिरत्या महोत्सवाच्या मुख्य मंचावर होते, जिथे त्याच दिवशी स्मॅशिंग पंपकिन्स आणि बीस्टी बॉइज वाजवणार असत. तळघरातल्या बँडची ही लक्षणे नाहीत.

गुजरीबाजार

@काळीपाच, येथे मी तुमच्याशी असहमत आहे. मी बरीच वर्षे जुन्या तबकड्या जमवतो आणि त्या काळातील कंपन्यांचा व्यवहार थोडाफार जाणतो. निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ने 1991 मध्ये अनपेक्षित विक्री केल्यावर अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांना पुढचे मोठे नाव कोठून येईल याचा अंदाजच लागेनासा झाला. त्यामुळे त्यांनी काही काळ मिळेल त्या विचित्र बँडशी करार केले. बोरडम्सला ती दारे त्या दोन-तीन वर्षांपुरती उघडली. महत्त्वाचे हे की दार उघडल्यावर त्यांनी आत काय नेले. ‘पॉप तातारी’ आणि 1994 चा ‘चॉकलेट सिंथेसायझर’ ऐकून पाहा. बड्या कंपनीच्या पैशातून काढलेले इतके आडमुठे अल्बम त्या काळात फार थोडे असतील. एकही सूर त्यांनी मऊ केलेला नाही.

लोलापालूझातला एक तपशील बोलका आहे. 1994 च्या त्या दौऱ्यात मुख्य मंचावरचा दिवसाचा पहिला कार्यक्रम पूर्वार्धात बोरडम्सचा होता आणि उत्तरार्धात तीच जागा ग्रीन डे या अमेरिकी पंक बँडला मिळाली. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, पंकच्या दोन टोकांनी एकच जागा आळीपाळीने सांभाळली. ग्रीन डेने त्या वर्षी पंक घरोघरी पोहोचवला आणि मला तेही आवडतात. पण तीन स्वरसंगती आणि अडीच मिनिटे हेच पंक, अशी जी समजूत तेव्हा पक्की झाली, तिच्यात बोरडम्ससारख्यांना जागा उरली नाही. तुमची व्याख्या काही प्रमाणात त्या काळाच्या यशातून आलेली आहे, असे मी नम्रपणे सुचवतो.

सुरंगी

एवढ्या चर्चेत योशिमीचा उल्लेख एका ओळीत आटोपला, याचे वाईट वाटले. माझ्या दृष्टीने या बँडच्या सरमिसळीचे निम्मे श्रेय तिचे आहे. नंतरच्या वर्षांतल्या बोरडम्समध्ये आयभोवती तीन ड्रमसेट असत आणि त्यातला एक तिचा असे. ड्रम वाजवता वाजवता ती गाते आणि गळा कोठेही दमल्यासारखा वाटत नाही. अमेरिकेत ती सॉनिक यूथ या रॉक बँडच्या किम गॉर्डनबरोबर ‘फ्री किटन’ या बँडमध्ये होती. ‘ऊइऊ’ हा तिचा स्वतःचा बँड तर वेगळ्या धाग्याचा विषय आहे. त्यांच्या 2013 सालच्या ‘गॅमेल’ या अल्बममध्ये जावा बेटावरच्या गॅमेलन वाद्यवृंदातली काशाची वाद्ये विजेच्या गिटारींबरोबर वाजतात. गॅमेलनचा आवाज गंभीर, दरबारी. येथे तो उड्या मारतो, आणि तरीही त्या वाद्यांचा अपमान झाल्यासारखे वाटत नाही.

आपल्या दृष्टीने जवळची गोष्ट अशी की ‘साइकोबाब’ नावाच्या तिच्या आणखी एका बँडमध्ये सतार हे मुख्य वाद्य आहे. योशिदा दाइकिची हे सतारवादक त्यात आहेत. 2017 च्या अल्बमचे नाव ‘सब से पुरानी बाब’ आणि नंतरच्या अल्बमचे ‘नृत्य’. हे ऐकलेले कोणी येथे आहे का?

ठायलय

@सुरंगी, ‘सब से पुरानी बाब’ तुमच्या प्रतिसादानंतर लगेच ऐकला, दोन बैठकांत.

सतारीत तयारी आहे. राग घेतले आहेत, पण रागविस्तार नाही. एखादी बंदिश द्रुत लयीत धरावी, तिचे टोकदार तुकडे करावेत आणि त्यावर योशिमीने अक्षरांचे फवारे सोडावेत, असा एकूण प्रकार. आलापीची वाट पाहणाऱ्याची निराशा होईल. मलाही पहिल्या बैठकीत झाली. माझी एक तक्रार मात्र दुसऱ्यांदा ऐकूनही गेली नाही: रागाला स्वतःचा वेळ लागतो, आणि तो वेळ येथे दिलेला नाही. मात्र विषम मात्रांचे हिशेब ते ज्या सहजतेने फिरवतात, त्यावरून त्यांनी अभ्यास केलेला आहे हे कळते. साठच्या दशकात सतार केवळ वातावरणासाठी वापरणाऱ्या रॉकपेक्षा हे पुष्कळ प्रामाणिक आहे.

सुरंगी

रागाला वेळ दिला नाही, हे खरे आहे. मात्र बोरडम्सच्याच 2004 सालच्या ‘सीड्रम/हाउस ऑफ सन’ मधला दुसरा तुकडा ऐकला आहे का? सुमारे वीस मिनिटे सतारीसारख्या तारांचा गुंजारव आहे आणि ड्रम जवळजवळ नाहीतच. जो वेळ तुम्ही मागत आहात, तो तिथे आहे.

रानपाखरू

जपानी पंकमध्ये स्त्रिया पुष्कळ आहेत का? मला शोनेन नाइफ एवढेच नाव ठाऊक होते, आणि ओतोबोके बीव्हर अलीकडे कोणीतरी ऐकवला होता.

योदोकाठ

@रानपाखरू, दोन्ही कान्साईचेच. शोनेन नाइफ 1981 पासूनचा, ओसाकाचा. निर्वाणाच्या 1991 च्या ब्रिटनमधल्या दौऱ्यात त्याच आधी वाजवत होत्या. ओतोबोके बीव्हर क्योतोचा, रित्सुमेइकान विद्यापीठातल्या संगीत मंडळातून निघालेला. त्यांच्या 2022 च्या ‘सुपर चॅम्पॉन’ या अल्बममध्ये अठरा गाणी अवघ्या एकवीस मिनिटांत आटोपतात. त्यातही गाणे मध्येच थांबते, लय उलटते, चौघी एकदम ओरडतात आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढे जातात. वर मान्झाईविषयी लिहिले ते तिथेही लागू पडते. त्याही आधी आँट सॅलीची गायिका फ्यू हिने 1979 मध्येच वाट पाडून ठेवली होती.

मंद्रसप्तक

चर्चा छान रंगली आहे. काळीपाच यांना सविस्तर उत्तर देण्याचे मी कबूल केले होते, ते आता देतो.

‘सुपर रूट्स’ या मालिकेत क्रमांक चार नाहीच. तीननंतर एकदम पाच येतो. मला बोलायचे आहे ते 1998 च्या ‘सुपर रूट्स 7’ विषयी. त्यातला मुख्य तुकडा सुमारे वीस मिनिटांचा आहे आणि तो मेकॉन्स या लीड्स शहरातल्या बँडच्या 1978 सालच्या एका पंक गाण्यावर बेतलेला आहे. मूळ गाणे तीन मिनिटांच्या आत संपते. त्याच्या आरंभी गिटारची एक साधी, खरखरीत चाल आहे. बोरडम्सनी ती चाल उचलली, तिच्याखाली न थांबणारा ड्रमचा ठेका घातला आणि वीस मिनिटे ती सोडलीच नाही. मधून इलेक्ट्रॉनिक आवाजांच्या लाटा येऊन जातात, आणि चाल पुन्हा वर येते.

काळीपाच म्हणतात की लांबी हीच पंकविरोधी गोष्ट आहे. माझे म्हणणे असे की ज्या लांबीविरुद्ध पंकने बंड केले, ती कौशल्य दाखवण्यासाठीची लांबी होती: लांबलचक एकल वादने, स्वरांच्या कसरती. या वीस मिनिटांत कोणीही कौशल्य दाखवत नाही. गिटार शिकायला लागून महिना झालेल्या माणसालाही ती चाल वाजवता येईल. कमीत कमी सामग्री हा तुमचाच निकष आहे आणि हा तुकडा त्याला पूर्णपणे उतरतो.

काळीपाच

@मंद्रसप्तक, हे उत्तर मी मागितले होते त्यापेक्षा चांगले आहे. ‘सुपर रूट्स 7’ आणि मेकॉन्सचे मूळ गाणे पाठोपाठ ऐकले, दोन्हींची जागा माझ्या कपाटात पक्की झाली. लांबीचा मुद्दा मी येथे बाजूला ठेवतो.

पण त्याच जोडीतून माझा दुसरा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मेकॉन्सच्या गाण्यात एक माणूस आहे. तो कोणाची तरी वाट पाहत आहे, त्याला कोणी विचारत नाही आणि ते सांगण्यासाठी त्याला धड गाताही येत नाही. ती अवघडलेली माणसाची बाजू मला पंकमध्ये सर्वांत प्रिय आहे. बोरडम्सनी चाल ठेवली आणि तो माणूस गाळून टाकला. उरला तो वेग. वेग सुंदर आहे, पण त्यात कोणाची तक्रार नाही, कोणाचे भांडण नाही. पंकमधून शब्द काढले की त्याचे समाजाशी असलेले भांडणच निघून जाते, असे मला वाटते.

गुजरीबाजार

काळीपाच यांना जे हवे आहे ते त्याच ओसाकातल्या दुसऱ्या एका बँडमध्ये सापडेल. न्यूएस्ट मॉडेल आणि मेस्कलिन ड्राइव्ह हे दोन पंक बँड 1993 मध्ये एकत्र येऊन सोल फ्लॉवर युनियन झाला. 17 जानेवारी 1995 रोजी कोबे परिसरात मोठा भूकंप झाला. तेव्हा वीज नव्हती, म्हणून त्यांनी विजेची वाद्ये घरी ठेवली आणि ओकिनावाचे सानशिन हे तीन तारांचे वाद्य, क्लॅरिनेट आणि दुकानांच्या जाहिरातीसाठी रस्त्यावर वाजवतात ते चिंदोन ढोल घेऊन निवारा छावण्यांमधून वाजवायला सुरुवात केली. छावण्यांत वृद्ध पुष्कळ होते, म्हणून त्यांना ठाऊक असलेली जुनी लोकप्रिय आणि लोकगीते ते गात. त्या काळात नाकागावा ताकाशी आणि यामागुची हिरोशी यांनी मिळून केलेले पौर्णिमेच्या संध्याकाळचे गाणे आजही जपानमध्ये भूकंपाच्या स्मरणार्थ गायले जाते. त्यात शब्द आहेत, माणसेही आहेत, आणि संगीताच्या प्रकारांची सरमिसळ बोरडम्सपेक्षा तसूभरही कमी नाही.

योदोकाठ

+१. आणि आयचा जन्म कोबेचा, हेही येथे आठवते. एकाच भागातल्या, जवळजवळ एकाच पिढीच्या या दोन बँडांनी पंकचे दोन निरनिराळे उपयोग करून दाखवले.

सुरंगी

@काळीपाच, शब्दांविषयी एक निरीक्षण मांडते. बोरडम्सनी शब्द पुढे कधीतरी गाळले असे नाही. त्यांच्याकडे अर्थाचे शब्द 1986 पासूनच फारसे नव्हते. त्यामुळे ‘सुपर रूट्स 7’ हा शब्दांचा त्याग आहे, असे मला वाटत नाही. आयचा आवाज नीट ऐकला तर त्यात राग आहे, भीती आहे, पोरकट आनंद आहे, कधी निव्वळ दमणूक आहे. ‘चॉकलेट सिंथेसायझर’मध्ये तो एकाच श्वासात या चारही अवस्थांतून जातो. मेकॉन्सच्या गाण्यातला अवघडलेला माणूस वाक्यांत बोलतो. आयच्या गळ्यात वाक्य तयार होण्याआधीचा माणूस आहे. नंतरच्या काळात तो आवाज कमी झाला, हे मात्र खरे, आणि मलाही त्याची उणीव भासते. ‘व्हिजन क्रिएशन न्यूसन’ मला प्रिय असूनही मी ‘चॉकलेट सिंथेसायझर’कडे अधिक वेळा परतते, ते यासाठीच.

काळीपाच

@सुरंगी, ‘चॉकलेट सिंथेसायझर’ मी केवळ एकदाच, फार पूर्वी आणि घाईत ऐकला होता. या शनिवारी केवळ आवाजाकडे लक्ष देऊन ऐकतो आणि येथेच लिहितो. पंक म्हणायचे की नाही, याविषयी माझे मत तोवर राखून ठेवतो.

ठायलय

‘हाउस ऑफ सन’ ऐकला. सुरंगी यांचे म्हणणे बरोबर आहे, तिथे वेळ दिलेला आहे. त्यात मला राग सापडला नाही, परंतु तानपुऱ्यासमोर बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे होते ते झाले. काळीपाच, शनिवारनंतर ‘सुपर रूट्स 3’ घ्यावा. अर्ध्या तासाहून अधिक काळ एकच स्वरसंगती, पंकच्याच वेगाने, न थांबता. लांबी आणि वेग या दोन्ही मुद्द्यांवर तुमचे मत मला ऐकायचे आहे.